रोज एक भोक पुढे: चांद्र पाटीच्या प्रकल्प नोंदी

३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. केल्स, काउंटी मीथ, आयर्लंड

सकाळीच आईचा मिरजेहून फोन. "लक्ष्मीपूजन उद्या हं, कालनिर्णयात शुक्रवार दिलाय." म्हटलं, आई, इथे आजच. तिला पटेना. अमावास्या संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, घड्याळं तेवढी वेगळी. भारतात ती उद्या संध्याकाळी सव्वासहाला संपते, त्यामुळे मिरजेत सूर्यास्ताला अमावास्या जेमतेम सापडते. आमच्याकडे तोच क्षण उद्या दुपारी पावणेएकचा. उद्या दिवेलागणीला इथे प्रतिपदा लागलेली असेल. म्हणून पणत्या आज.

पणत्या लावतेय तोवर दारावर थाप. चेटकिणी, सापळे, एक डायनोसॉर. लेकीने चॉकलेटं वाटली. डायनोसॉरला शंकरपाळी दिली, त्याने वास घेऊन परत दिली.

आज इथली साविन. लिहितात वेगळं, उच्चार साधारण असा. हॅलोवीन ही त्याचीच पोरगी. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच साविन, मे महिन्याचं बियाल्टना, ऑगस्टचं लूनसा. जुन्या चार सणांपैकी तीन (चौथा फेब्रुवारीतला इम्बोल्क) अजून सरकारी कॅलेंडरात महिने होऊन बसलेत. साविनला गुरं डोंगरावरच्या कुरणातून खाली आणायची, आणि हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची. इथून दहाबारा किलोमीटरवर अथबॉयजवळ हिल ऑफ वॉर्ड आहे. सतराव्या शतकात जेफ्री कीटिंग या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की साविनच्या रात्री तिथे मोठा अग्नी पेटवत.

तर प्रकल्प असा: आजपासून पुढच्या साविनपर्यंत चंद्र मोजायचा, रोज रात्री एकच ओळ लिहायची, अमावास्या-पौर्णिमेला मागच्या पंधरवड्याच्या ओळी वाचायच्या, आणि चार सणांना जरा निवांत बसून हिशेब. ध्यान, मेणबत्त्या, स्फटिक वगैरे काही नाही. मी औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते; नोंद ठेवणं एवढंच मला येतं.

साविनचा प्रश्न सोपा आहे: यंदा कोणतं जनावर पोसायचं नाही? यादीत तीन. मंगळवारची अमेरिकेबरोबरची रात्रीची मीटिंग, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपण, आणि मिरजेच्या घरावरून दादाशी चाललेलं भांडण.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

दादाचा फोन चार मिनिटं. "घराचं बोलायचं नाही आज," असं दोघंही म्हणालो. मग बोलायला काही उरलं नाही.

दुपारभर वाचन. आठ आरे असलेलं 'वर्षचक्र' सगळीकडे दिसतं: चार जुने सण, दोन अयनं, दोन विषुवं. दिसायला झकास, पण हे आठाचं गणित १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवलं गेलं; जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स या नव्या निसर्गपूजक पंथांच्या दोघा पुढाऱ्यांभोवती. शरद विषुवाला 'मेबन' हे नाव तर १९७०च्या दशकात एका अमेरिकन माणसाने दिलं. नवं आहे म्हणून वाईट असं नाही, आपला सार्वजनिक गणपतीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचाच. फक्त 'प्राचीन केल्टिक' असा शिक्का मी मारणार नाही. चारच सण धरते.

खरा खजिना दुसरीकडे सापडला. पूर्व फ्रान्समध्ये कोलिन्यी नावाच्या गावी १८९७ साली काशाच्या पत्र्याचे तुकडे निघाले. जोडल्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचं पंचांग! लिपी रोमन, भाषा गॉल लोकांची, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टांची. आता ते लिऑनच्या संग्रहालयात आहे. प्रत्येक दिवसापुढे एक बारीक भोक, त्यात खुंटी घालून रोज पुढे सरकवायची. महिन्याचे दोन भाग: पहिल्यात पंधरा दिवस, मग 'अटेनौक्स' असा शब्द, मग पुन्हा एकपासून मोजणी, पंधरा किंवा चौदापर्यंत. मी मोठ्याने म्हटलं, अगं हे तर पक्ष आहेत!

आणि पुढचं बघा. पाच वर्षांत ६२ महिने, त्यात दोन अधिक, दर तीस महिन्यांनंतर एक. आपल्या वेदांग ज्योतिषात पाच वर्षांचं युग, त्यात ६२ चांद्रमास, दोन अधिकमास. आकडा न् आकडा तोच. याचा अर्थ कुणी कुणाकडून घेतलं असा लगेच काढू नये. चंद्र दोघांनाही तोच दिसत होता, आणि पाच वर्षांत हिशेब जुळवायला बसलं की ६२ हाच आकडा हाती लागतो. तरी माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला बोला.

१० नोव्हेंबर, रविवार

कोलिन्यीच्या पंचांगासारखी घरची पाटी केली. शेल्फची उरलेली पाइनची फळी, ४० बाय १५ सेंटीमीटर. दोन ओळी, प्रत्येकी पंधरा भोकं, वरची शुद्ध, खालची वद्य. सहा मिलिमीटरचं ड्रिल. पहिली सात भोकं सरळ आली. आठव्याला फळी घसरली, तिथून ओळ नागमोडी. कडेला शेवटच्या भोकाशी फळी चिरली. आधी खिळ्याने खूण ठोकून मग ड्रिल लावायचं असतं, हे नवऱ्याने सगळं झाल्यावर सांगितलं.

चिरेत फेविकॉल भरून रात्रभर दोऱ्याने आवळून ठेवलं. पॉलिश पेपर मारला. खुंटी म्हणून डॉवेलचा तुकडा, डोकं लाल रंगवलेलं, नेलपॉलिशने.

नियम: खुंटी दिवेलागणीला हलवायची, सकाळी नाही. सीझरने गॉल लोकांबद्दल लिहिलंय की ते काळ रात्रींनी मोजतात, आधी रात्र मग दिवस. आपला वार सूर्योदयाला सुरू होतो. वर्षाची सुरुवातही त्यांची अंधारातूनच, नोव्हेंबरच्या तोंडावर, असा एक अंदाज आहे; पक्का पुरावा नाही. दिवस संपला की नवा सुरू झाला, असं मानल्यावर संध्याकाळच्या ओळीचा सूर बदलतो का, ते बघायचंय.

१५ डिसेंबर, रविवार. पौर्णिमा

महिन्याभराच्या ओळी वाचल्या. बहुतेक हवामान. "पाऊस." "पाऊस, वारा." "वरण करपलं." एक ओळ: "दादाला मेसेज टाइप केला, पुसला."

चंद्र मात्र जवळजवळ डोक्यावर. हिवाळ्यातली पौर्णिमा उंच चढते, कारण सूर्य जिथे उन्हाळ्यात असतो त्या जागी ती असते. शिवाय चंद्राच्या कक्षेच्या तिरकेपणाचं १८.६ वर्षांचं एक चक्र आहे, आणि यंदा ते टोकाला आहे. अंगणात माझी सावली बुटकी पडली होती, मिरजेत पडते तशी.

२१ डिसेंबर, शनिवार

न्यूग्रेंज हे अतिप्राचीन थडगं इथून अर्ध्या तासावर. आत जायला सोडत असते, आमचा नंबर लागला नाही. थडग्याच्या दारावर एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून आजच्या आसपासच्या सकाळी सूर्याची तिरीप एकोणीस मीटर आत जाते आणि सतरा मिनिटं राहते. उत्खनन करणारे मायकल ओकेली १९६७ साली याच तारखेला आत एकटे बसून राहिले, तेव्हा आधुनिक काळात पहिल्यांदा कुणी ते पाहिलं. बांधकाम इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे केल्टिक भाषा बोलणारे इथे येण्याच्या कितीतरी आधीचं. माझ्या चार सणांत हे बसत नाही. तरी पहाटे उठून पूर्वेच्या खिडकीत चहा घेऊन बसले. नियम मोडण्यासाठीच असतात, असं लेकीचं म्हणणं.

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

शुक्रवारी एओविन वादळ. मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत, आयर्लंडमधला विक्रम. देशभरात साडेसात लाखांहून जास्त ठिकाणी वीज गेली. आमच्या रस्त्यावर तीन दिवस अंधार. विहिरीचा पंप विजेवर, म्हणून पाणीही नाही. पावसाचं पाणी बादलीत धरून संडासात ओतलं.

खुंटी कुणी हलवलीच नाही. मग लेक म्हणते मी हलवली. किती वेळा? "दोनदा. किंवा तीनदा."

म्हणजे पाटी चुकली. फोन चार्ज झाला की बघता आलं असतं, पण मग पाटी कशाला केली? ठरवलं, नवी कोर दिसेल त्या रात्रीपासून पुन्हा मोजायचं. एक गोष्ट मात्र नोंदवते. त्या तीन रात्रींच्या ओळी वर्षातल्या सगळ्यात लांब आहेत. मेणबत्तीच्या उजेडात, जाकीट घालून, अर्धं अर्धं पान. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज सेंट ब्रिजिडचा दिवस, तोच जुना इम्बोल्क. आणि मिरजेत माघी गणपती. उद्या वसंत पंचमी. दोन्हीकडे वसंताची घाई सारखीच, गारठा असताना वसंत म्हणायचं धाडस. इथले जुने लोक वसंत १ फेब्रुवारीपासूनच मोजतात, हवामान खातं १ मार्चपासून. मेंढ्यांना दूध उतरतं हा इम्बोल्कचा खरा मामला. ब्रिजिडच्या नावाने २०२३ पासून सार्वजनिक सुट्टी सुरू झाली, म्हणून सोमवारी घरी.

लेकीने शाळेतून ब्रिजिडचा क्रॉस विणून आणला, लव्हाळ्याचा. ओला लव्हाळा, मधे चौकोन, चार हात, टोकं दोऱ्याने बांधलेली. आमच्या रस्त्यावरचे दोन मोठे बीच वृक्ष वादळात आडवे झाले आणि ओढ्याकाठचा लव्हाळा जसाच्या तसा. तुकोबांचं वाक्य आठवायला वेगळं काही लागत नाही.

काल रात्री इथल्या रीतीप्रमाणे कापड बाहेर ठेवलं. ब्रिजिड रात्री फिरते आणि कापडाला हात लावते, मग ते डोकेदुखीवर वर्षभर चालतं. मी आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा ठेवला. सकाळी दवाने जड झालेला. वाळवून कपाटात.

संध्याकाळी पश्चिमेला कोर, अगदी शेजारी शुक्र. खुंटी जागेवर. पाटी दुरुस्त.

तांत्रिक: महिने आळीपाळीने ३० आणि २९ धरायचे ठरवलं होतं. २९चा महिना असला की तिसावं भोक मेणाने बंद. फसलं. ३० डिसेंबर ते २९ जानेवारी तीस, आणि पुढचाही तीसच. कोलिन्यीवाल्यांनी मात्र कोणता महिना कितीचा हे ठरवून टाकलं होतं: तिसाचे 'मट', एकोणतिसाचे 'अन्म', म्हणजे भरलेले आणि उणे, किंवा चांगले आणि तसे नसलेले. आता मी मेण आधी लावत नाही.

२० मार्च, गुरुवार. विषुव

हेही माझ्या यादीत नाही, पण लॉखक्रू जवळ आहे, रजा शिल्लक होती. पहाटे टेकडी चढून गेले. तिथल्या मोठ्या थडग्यात विषुवाच्या सूर्योदयाला आतल्या कोरीव दगडावर ऊन पडतं. आम्ही बाहेर वीसेक जण, कुणी ढोल घेऊन, कुणी कुत्रा. एक आजोबा म्हणाले, हे दगड एका म्हातारीने या टेकडीवरून त्या टेकडीवर उड्या मारताना सांडले, ओच्यातून. (ते 'एप्रन' म्हणाले, मला ओचाच दिसला.)

२९ मार्च, शनिवार

खंडग्रास सूर्यग्रहण, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य निम्म्याहून थोडा कमी खाल्लेला. चाळणीतून फरशीवर शंभर छोट्या कोरी पाडल्या. आईचं म्हणणं: "आमच्याकडे दिसत नाही म्हणजे आम्हाला वेध नाहीत. तुला दिसतंय, तू पाळ." तर्क बिनचूक. उद्या पाडवा, त्यात आज रात्री घड्याळ एक तास पुढे.

१७ एप्रिल, गुरुवार, पहाटेचे दोन

आईच्या आग्रहाने कालची संकष्टी धरली. पुण्या-मिरजेकडे चंद्रोदय रात्री दहाच्या आसपास. इथे सव्वा वाजून गेल्यावर! उत्तरेकडच्या देशात या दिवसांतला वद्य चंद्र फार दक्षिणेला असतो, उगवतो उशिरा आणि क्षितिजाला खेटून सरकतो. कुंपणापलीकडून गंजक्या रंगाचा तुकडा वर आला तेव्हा मी किचनच्या दारात मोदकाचं ताट घेऊन पेंगत उभी. आता भूकच नाही. भाद्रपदातल्या संकष्टीला मात्र इथेही साडेआठपर्यंत उगवेल, ती धरीन.

१ मे, गुरुवार. बियाल्टना

काल अक्षय्य तृतीया, आज हे. गुरं पुन्हा वर, कुरणात. जुन्या कोशात लिहिलंय की आजच्या दिवशी गुरांना दोन अग्नींच्या मधून नेत, वर्षभर रोगराई नको म्हणून. दारात पिवळी फुलं टाकण्याची रीत अजून दिसते. आमच्या समोरच्या आजींनी उंबरठ्यावर प्रिमरोज टाकली होती.

सहामाही हिशेब. जनावर एक, ॲडमिनपण: सोडलं. ग्रुपला दोन दिवस कळलंही नाही. जनावर दोन, मंगळवारची मीटिंग: चालूच. जनावर तीन, घर: दादाने दलालाला बोलावल्याचं वहिनीकडून कळलं. ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. सांगण्यासारखी नाही.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

दिवेलागण दहाला. खुंटी हलवायला जागं राहावं लागतं. पौर्णिमा उगवली ती शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यामागे. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश. आजचा चंद्र मुठीच्या वर आलाच नाही. आठ अंश, बस. डिसेंबरात डोक्यावर होता तोच हा. त्या १८.६ वर्षांच्या चक्राच्या त्याच टोकाची ही दुसरी बाजू.

२७ जुलै, रविवार

जुलैचा शेवटचा रविवार, क्रो पॅट्रिक डोंगरावर यात्रा, ७६४ मीटर, काही जण अनवाणी. आम्ही गेलो नाही, लेकीचा पाय मुरगळला आहे. लूनसा या सुगीच्या सणाच्या १९५ जागा, डोंगरमाथे आणि पाणवठे, मॉरा मॅकनील यांनी शोधून १९६२ साली छापल्या. कित्येक ठिकाणी त्या दिवशी डोंगरावर जाऊन जांभळट बोरं वेचत. आम्ही दुकानातली ब्लूबेरी आणून शिकरण केलं. श्रावण लागून दोन दिवस झालेत.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

आज बसून सगळ्या ओळी एक्सेलमध्ये भरल्या. सुमारे ३०० (गावाला जाणं, कंटाळा असे खाडे वगळून). स्तंभ: तिथी, वार, झोप, चिडचिड असेल तर एक.

चंद्राचा काही संबंध नाही. शुद्ध-वद्य, पौर्णिमा-अमावास्या, काहीही लावून पाहिलं, चिडचिड सपाट. वार लावला आणि आलेख उभा राहिला: बुधवार. मंगळवारच्या मीटिंगनंतरचा बुधवार, वर्षभर, नेमाने. दहा महिने आकाशाकडे बघून मला माझं कामाचं वेळापत्रक सापडलं. उद्या बॉसला हाच आलेख दाखवणार आहे, चंद्राचा स्तंभ काढून.

दुसरं शोधलं ते नको होतं. 'घर' हा शब्द असलेल्या ओळी: ४१. "मी दादाला म्हटलं", "मी म्हणणार होते", "माझं मत". दादा काय म्हणाला, ते एकाही ओळीत नाही. दोनदा तपासलं. एक्सेलमध्ये चूक नाही.

पितरांचं पान दुपारीच ठेवलं होतं. कावळे इथे भरपूर आहेत, पण ते काळेभोर रुक. वरण-भाताला शिवले नाहीत, वडा नेला.

२० ऑक्टोबर, सोमवार

यंदाही तोच घोळ. आईकडे लक्ष्मीपूजन उद्या, आमच्याकडे आज. यंदा ती फक्त म्हणाली, "तुझं तू बघ गं बाई, तुझी पाटी आहे."

उद्या दुपारी अमावास्या संपली की बारा चंद्र पूर्ण. ३५४ दिवस. साविनला अजून अकरा दिवस. गेल्या वर्षी दिवाळी आणि साविन एकाच संध्याकाळी होत्या, यंदा दिवाळी पुढे पळाली. याच अकरा दिवसांचं साचून साचून अधिक महिना होतो. पुढचा २०२६चा अधिक ज्येष्ठ, मेच्या मध्यापासून. माझ्या पाटीला तेव्हा वेगळी, तिरपी, तिसरी ओळ लागेल, की वेगळी पाटीच?

मंगळवारची मीटिंग आता दोन आठवड्यांतून एकदा. अर्धं जनावर.

रात्री दादाला फोन केला. कागद-पेन घेऊन बसले, प्रयोगशाळेत बसते तशी, तो बोलेल ते लिहायचं, मधे बोलायचं नाही. बावीस मिनिटं. माजघराच्या आढ्याला वाळवी. गेले चार पावसाळे तो रात्री उठून पातेली बदलतो. आईला जिना चढवत नाही, देवघर वर आहे, म्हणून ती पूजा मनात करते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं असणार.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. साविन

आकाशात नवमीच्या पुढचा चंद्र, गेल्या वर्षीसारखा अंधार नाही. डायनोसॉर यंदा अंतराळवीर. शंकरपाळी विचारून दिली, घेतली.

दादाचा मेसेज: माजघराचं जुनं दार उतरवलंय, सागवानी आहे, एक फळी धड निघाली. "तुझ्या त्या पाटीला चालेल का? माप पाठव." मी पाठवलं, ४० बाय १५, जाडी दोन सेंटीमीटर, आणि वाळवीचं नीट बघ म्हटलं, विमानतळावर लाकूड अडवतात. घराचं अजून ठरलेलं नाही. नोव्हेंबरात तो आणि वहिनी देवघर खाली, आईपाशी आणायचं बघतायत.

सागवानात सहा मिलिमीटरचं बिट जळतं असं वाचलं. आधी खिळ्याने खूण, मग तीनचं, मग सहाचं. खुंटी वरच्या ओळीत, दहाव्या भोकात.